झाडू डॉक्टरचं नाव

एटापल्लीच्या आतून,
३ ऑगस्ट २०२५

आबिदाताई,

सलाम. तुझी बदली सावलीला झाली आणि आपल्या आश्रमशाळेतला हसण्याचा आवाजच गेला. खोली मात्र ऐसपैस झाली आहे. तुझ्या खुंटीवर मी माझी छत्री टांगली आहे, तेव्हा हक्क सांगायला परत येऊ नकोस. फोन करायचा तर शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि वर पोचेपर्यंत दम लागून मी काय बोलणार होते तेच विसरते. म्हणून पत्रच बरं.

आता माझी फुशारकी ऐक. सुट्टीवरून आलेली आठवीतली पोरं काय काय ऐकून येतात ते तुला ठाऊक आहे. ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो, लस घेतली की मूल होत नाही. मी फळ्यावर कितीही घसा कोरडा केला तरी पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हटलं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक. खोटं ओळखायला शिकायचं तर आधी खोटं रचायला शिका.

म्हणून खेळ काढला, ‘खोट्याचा बाजार’. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी. कुणाला ‘भीती घाला’, कुणाला ‘घाई करा’, कुणाला ‘मोठ्या माणसाचं नाव घ्या’, कुणाला ‘आमच्याच घरी झालं’. गटानं त्या युक्तीनं औषधपाण्याबद्दल एक खोटी बातमी रचायची आणि बाजारात ओरडून विकायची. इतरांनी युक्ती पकडायची. पकडली की चिंचोके त्यांचे. पोरं पेटली आहेत, ताई. परवा एकानं मुख्याध्यापकांचं भाषण ऐकता ऐकता मागून म्हटलं, “‘घाई करा’ची चिठ्ठी!”

खोटं खेळाबाहेर जाऊ नये म्हणून मी दोन नियम घातले. शेवटी सगळ्या वर्गानं “खोटं! खोटं! खोटं!” असं ओरडायचं. आणि बातमी सांगणाऱ्याचं नाव नेहमी एकच, डॉ. झाडू. आता केरसुणीच्या नावाचा डॉक्टर कुठे असतो का? शेंबडं पोरही ओळखेल की थट्टा आहे. नाव फळ्यावर लिहिलं तर वर्ग असा हसला की बाकं हलली. ललितानं उठून विचारलं, “खरंच हेच नाव घ्याचं, मॅडम?” मी म्हटलं, हेच.

ही ललिता म्हणजे सोनं आहे. तिनं सिकलसेलच्या, म्हणजे त्या रक्ताच्या आजाराच्या, गोळीवर अशी बातमी रचली की माझ्याच अंगावर काटा आला. मी ती मोबाइलवर टिपून घेतली. आज बाजाराला एटापल्लीला आले आहे, इथून तुला पाठवते, ऐक. हे पत्रही इथेच पोस्टात टाकेन. आपले आरोग्यसेवक मडावी भाऊ गाडीवर घेऊन आले, नेहमीसारखे. त्यांच्या जिवावर माझा सगळा पत्रव्यवहार चालला आहे.

तुझी,
स्वाती

*

सावली,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय स्वाती,

खूप आशीर्वाद. खुंटी तुला दिली, जा. पण छत्री गळकी आहे हे मला माहीत आहे.

ललिताची बातमी मी किती वेळा ऐकली विचारू नकोस. “झाडू डॉक्टरच सांगून राह्यले जी, सिकलसेलच्या गोळीनं रक्ताचं पाणी होते. माह्या मोठ्या बहिणीचं झालं. त्याईनं आपल्या घरची गोळी बंद केली. आजच्या आज सगळ्याईले सांगा.” आणि तो हुंदका! आमचे नूरुद्दीन दुकानातून घाबरून आत आले, “कोण रडतंय?” मी म्हटलं, “स्वातीची विद्यार्थिनी आहे, परीक्षेत पहिली आली आहे.”

एका दमात चारही युक्त्या बसवल्या आहेत पोरीनं. मला राहवलं नाही, आमच्या शिक्षकांच्या गटात टाकली आणि स्टेटसलाही लावली. सगळ्यांना कळू दे आमच्या जंगलातली पोरं काय चीज आहेत.

आणि झाडूभाऊंना माझा खास सलाम सांग. आपलं नाव असं खेळात वापरू द्यायला मोठं काळीज लागतं. मी तिथे होते तेव्हा कुणी जरा मस्करी केली की फणकारायचे. तू त्यांना कसं पटवलंस ते कळव.

तुझी,
आबिदाताई

*

एटापल्लीच्या आतून,
२६ ऑगस्ट २०२५

आबिदाताई,

तुझं पत्र मडावी भाऊंनीच आणून दिलं. मी ते त्यांच्यासमोर उभ्यानं फोडलं आणि ‘झाडूभाऊंना सलाम’ इथपर्यंत आले. मनात म्हटलं, हे झाडूभाऊ कोण?

वर्गात जाऊन विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ललिता म्हणाली, “मडावी डॉक्टरच होय ना, मॅडम. सारे त्याले झाडू डॉक्टरच म्हणते. मोठ्या माणसाचं नाव घ्याचं होतं, तुमी त्याईचं देल्लं. आमाले वाटलं तुमी त्याले विचारलं असन.”

म्हणजे त्या दिवशी वर्ग केरसुणीवर हसला नव्हता. माझ्या धाडसावर हसला होता.

तीन वर्षं, ताई. मला ताप आला तेव्हा मलेरियासाठी रक्त तपासायची काचपट्टी घेऊन हाच माणूस दारात होता. याच्या घरचा भात मी कितीदा खाल्ला. शाळेच्या कागदांवर नुसतं ‘मडावी’ असतं, मीही मडावी म्हणत गेले. पहिलं नाव विचारावंसं एकदाही वाटलं नाही. माझ्या गावी, बार्शीत, कुणी असं वागलं असतं तर मी त्याला माणूसघाणा म्हटलं असतं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. पोळ्याला पोरं घरी गेली, तेव्हा ललिताचा आवाज तिथे त्यांच्या आधी पोचला होता. कुणाच्या मोबाइलवरून कुणाच्या मोबाइलवर, देव जाणे. मी तर फक्त तुलाच पाठवला होता. सोमारी आठवते ना तुला, बारक्या अंगाची, चित्रं काढणारी? ती पोळ्याहून सिकलसेलच्या गोळ्यांच्या डबीशिवाय परत आली. मी म्हटलं, दुसरी डबी देते, घे. ती म्हणाली, “माय नाई म्हणते. झाडू डॉक्टरनं बंद कराले सांगतलं.” अशी घरं आणखीही आहेत.

काल संध्याकाळी भाऊ व्हरांड्यात येऊन बसले. तोंड उतरलेलं. म्हणाले, “मॅडम, मले समजून नाई राह्यलं. ज्या घरी जातो त्या घरी बाया मलेच सांगते, तूच त बंद कर म्हनलं. माहं तोंड अन् मलेच खबर नाई!” मी काय केलं माहीत आहे? त्यांना चहा दिला. साखर जास्त घातली. आणि “लोक काहीही बोलतात हो” असं म्हणून कपबशी विसळायला आत गेले. चुलीपुढे उभी राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सांगणार आहे मी त्यांना. पण आधी वर्गाला नीट समजावते, पोरं घरोघरी सांगतील, सगळं आपोआप निवळेल, मग सांगेन. तोपर्यंत त्यांना कशाला दुखवायचं?

हे पत्रसुद्धा तेच नेणार आहेत. पाकिटाला दोनदा डिंक लावते.

स्वाती

*

सावली,
४ सप्टेंबर २०२५

स्वाती,

तुझं पत्र वाचून मी भाजी करपवली. आता हे तोंडावर सांगण्याची हिंमत नाही, म्हणून फोन न करता लिहिते.

तू विचारलं नाहीस की वर्गाचं ‘खोटं! खोटं!’ ऐकूनही लोक फसले कसे. मीच सांगते. ते कुणी ऐकलंच नाही. स्टेटसला पूर्ण आवाज बसेना, म्हणून मी शेपूट कापलं. मला वाटलं, पोरीचा हुंदका राहिला म्हणजे झालं, शेवटचा कल्ला काय ऐकायचा. गटात टाकतानाही तेच कापलेलं गेलं, वर ‘नक्की ऐका’ असं लिहून. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण मला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. तू माझ्यावर नाव न घेता संशय घेतलास तो खरा आहे.

आता तोच आवाज मला माझ्या जावेकडून परत आला, ‘सावध राहा’ म्हणून. मी तिला सांगितलं, अगं, हा खेळ आहे, मीच पाठवला होता. ती म्हणते, “तू मास्तरीण हाय म्हून लपवून राह्यली.” नूरुद्दीन म्हणाले, बाण सुटल्यावर आता धनुष्याला शिव्या देऊन काय उपयोग? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण त्यांचं बरोबर आहे.

गटात मी सगळं लिहिलं आहे. पूर्ण आवाजही टाकला. खाली चार अंगठे आले. पहिल्याला दीडशे आले होते.

पण स्वाती, तू झाडूभाऊंना अजून सांगितलं नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी जा. तो माणूस दारोदार जाऊन स्वतःशीच भांडतो आहे. ‘दुखवायचं नाही’ हे तुझं कारण मला ओळखीचं वाटतं. मीही ते खूपदा वापरलं आहे. आपल्याला त्यांची काळजी नसते, आपल्या तोंडाची असते.

आबिदा

*

सावली,
२० सप्टेंबर २०२५

स्वाती,

उत्तर नाही. टेकडीवरून मिस्ड कॉलही नाही. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळी लिही. सोमारी कशी आहे?

आबिदाताई

*

एटापल्लीच्या आतून,
२८ सप्टेंबर २०२५

आबिदाताई,

तुझ्यावर राग नाही. राग करण्याइतकी माझी मान वर नाही.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी भाऊंच्या घराच्या कुंपणापर्यंत गेले होते. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. “काऊन आल्या मॅडम?” म्हणाले. मी म्हटलं, डोकेदुखीची गोळी आहे का? गोळी घेऊन परत आले. डोकं दुखतही नव्हतं. उद्या, परवा करत दिवस घालवले, आणि एका पहाटे सोमारीच्या पायात कळा सुरू झाल्या.

तू सिकलसेलचं दुखणं पाहिलं आहेस, वर्णन करत नाही. ती ओरडत नव्हती, फक्त चटईचा काठ चावत होती. चिखलामुळे दवाखान्याची गाडी आतपर्यंत येईना. भाऊंनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मी मागून धरलं, आणि आम्ही एटापल्लीचा दवाखाना गाठला. सलाइन लागलं, कळा ओसरल्या. ती वाचली, ताई. आता बरी आहे, आईकडे आहे. पण ते सारे तास मला एकच वाटत होतं, की मी तोंड उघडलं असतं तर ही या दवाखान्यात नसती.

दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. खेळ, नाव, केरसुणी, तुझं शेपूट, माझा चहा. ते ऐकून उठले आणि गाडी काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सोमारीच्या घरची माणसं आल्यावर मी बसनं फाट्यापर्यंत आणि पुढे चालत परतले.

पुढे काय करावं ते कळेना. वर्गात फळ्यावर लिहिलं, झाडं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. मागून कुणीतरी हळूच विचारलं, “हे खरं होय का खेळ होय, मॅडम?” पोरगं खोडी काढत नव्हतं, खरंच विचारत होतं. मीच शिकवलं होतं ना, मोठ्या माणसाच्या नावावर जाऊ नका म्हणून. पुस्तक मिटून पोरांना घेऊन बाहेर गेले आणि एका पानावर काळा कागद बांधून ठेवला, काय होतं ते तुम्हीच बघा म्हणून.

मग रविवारी भाऊंच्या घरी गेले. या वेळी कुंपणाशी थांबले नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, “राहू द्या. मले राग आहे, अन् तो लवकर जाणार नाई. पन तुमी नावाले हसल्या, म्हून नावाचं सांगतो.”

त्यांच्या आधीची तीन भावंडं लहानपणीच गेली. हे जन्मले तेव्हा आईनं यांना सुपात घालून उकिरड्यावर नेलं, केरात ठेवलं आणि झाडूनं ओढून परत घेतलं. “मरण पाहून राह्यलं होतं ना दारात. त्याले वाटाव का हे लेकरू नोहोय, कचरा होय. म्हून झाडू. माह्या मायनं मरणाले खोटं सांगतलं, मॅडम, अन् त्यानं ते मानलं.” मग म्हणाले, “त्या तिघाईचे हातपाय सुजत, डोळे पिवळे होत. तवा कोणाले समजे? मले या नोकरीत आल्यावर समजलं, ते काय होतं ते. म्हून मी ही गोळी घेऊन फिरतो.”

आणि मी ते नाव गोळी बंद करायला वापरलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रडूही येईना, त्यांच्यासमोर रडणं म्हणजे पुन्हा त्यांनीच मला समजावायचं. मी फक्त विचारलं, माझ्याबरोबर चालाल का?

ललितालाही घेतलं. तिची काही चूक नव्हती, मी नको म्हणत होते, पण तिला पोरं ‘खोटी’ म्हणून चिडवतात, ती म्हणाली, “कापलेलं शेपूट मीच जोडीन, मॅडम.” घरोघरी गेलो. ती आधी सगळी बातमी तशीच म्हणून दाखवायची, हुंदक्यासकट, म्हणजे आवाज ओळखू येईल. आणि मग एकटीच ओरडायची, “खोटं! खोटं! खोटं!” भाऊ दारात हात बांधून उभे. काही घरांनी ऐकलं. एका म्हातारीनं दार लावून घेतलं. एकानं विचारलं, “आता कोणता खेळ होय?”

मग सोमारीच्या घरी गेलो. तिची आई मोहाच्या झाडाखाली धान पाखडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं नाही. मी सांगितलं, “बाई, तो खेळ माझा. आवाज या पोरीचा. नाव झाडूभाऊंचं, त्यांना न विचारता मी घातलं. त्यांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. तुमची पोरगी माझ्यामुळे आजारी पडली.” तिनं माझ्याकडे मान वळवली. म्हणाली, “माह्या पोरीच्या जिवाशी खेळली तू?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं आम्ही नेलेली गोळ्यांची डबी घेतली, पण माझ्या हातातून नाही, भाऊंच्या. फडताळात ठेवली आणि पाखडायला बसली. आम्ही परत आलो. ती सोमारीला गोळी देते की नाही, मला माहीत नाही. विचारायला जायचा हक्क मी गमावला आहे.

खेळ बंद केलेला नाही. पोरंच म्हणाली, बंद नका करू. पण आता कुणाचंही नाव घ्यायचं तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारायचं. माझ्या मेजापाशी झाडूभाऊंचं नाव लिहून ठेवलं आहे, पूर्ण.

तू लिहिलं होतंस ते खरं आहे, मला माझ्या तोंडाची काळजी होती. आता तेवढंही तोंड राहिलेलं नाही, त्यामुळे जरा मोकळं वाटतं. पण रात्री त्या चटईचा चावलेला काठ आठवतो.

हे पत्र झाडूभाऊंच्याच हाती देते आहे. या वेळी पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझी,
स्वाती

ता. क. आबिदा बाईले झाडू मडावीचा नमस्कार. मॅडमनं पाकीट उघडं देल्लं म्हून वाचलं. पहिले कधी वाचलं नवतं. पोस्टात टाकाच्या पहिले सोमारीच्या घरून आलो. तिच्या मायनं माह्यासमोर तिले गोळी देल्ली. मॅडमले अजून सांगतलं नाई, वापस गेल्यावर सांगीन. हे खरं होय, खेळ नोहोय.
— झाडू